दहाचं दूध

सकाळी आठला झेंडा, दहाला दूध.
बर्फाच्या पेटीतून निघालेल्या पिशव्या,
दर पोरामागे एक.
कोपरा दातानं तोडायचा आणि ओढायचं.
मी समोर उभी, माझीही पिशवी तोडून,
कारण बाईच प्यायल्या नाहीत
तर पोरं कशी पिणार?

बालवर्गातली तर तुटूनच पडतात.
सुत्तिदा दोन मागते. मेकला पांढरी मिशी.
दुसरीपर्यंत हे असंच.
तिसरीत कुणीतरी अर्धी पिशवी कुंडीत ओततं,
चौथीच्या खिडकीखालचा कुत्रा गुबगुबीत होतो,
आणि पाचवीतल्या फायथूनला
रोज अकराला, ऐन अपूर्णांकांत,
बाहेर जायचं असतं.

कितीदा उभं केलं त्याला.
गणिताला भितोस, म्हणाले.
वर्गात हशा पिकला, आणि त्याच्या पोटात गुरगुर,
भाताच्या पोत्यांचा ट्रक चढ चढावा तशी,
पहिल्या बाकापर्यंत ऐकू येणारी.
तो काही बोलला नाही.
पट्टा फक्त एक भोक सैल केला.

आरोग्य केंद्रातली रविवन वजनं घ्यायला आली होती.
तिनं त्याला एकच विचारलं, दूध कधी पितोस?
मग मला म्हणाली, रोग नाही हो हा.
तान्ह्या पोटात दूध जिरवणारं काहीतरी असतं,
वय वाढतं तसं ते आटत जातं,
कुणाचं चौथ्या वर्षी, कुणाचं दहाव्या,
आपल्याकडे बहुतेकांचं.
आटत नाही असे थोडे,
आणि भिंतीवरचे तक्ते त्यांनीच लिहिले असावेत.
ती हसली. मी नाही.

मला वडिलांची म्हैस आठवली, थोंगकाम.
आमच्याकडे म्हशी नांगराच्या.
तिचं दूध कुणी कधी काढलं नाही,
ते रेडकाचं होतं, बस्स.
आणि एके सकाळी तिनंच त्याला
मागल्या पायानं बाजूला सारलं.
रागानं नव्हे. आता गवत खा, एवढंच.
मी सात वर्षांची. रडले मी,
रेडकू बांधावर चरायला लागलं होतं.

शरीरही तसंच करत असेल,
आतून, कुणाला न सांगता,
हलकीशी लाथ.

आमच्या बोलीत दुधाला आणि आईच्या छातीला
शब्द एकच, नोम.
पिशवीवरही तोच छापलेला,
गाईच्या चित्राखाली.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं,
पोट कुणाकुणाचं दुखतं?
एक हात वर नाही.
मग विचारलं, कुत्र्याला कोण कोण पाजतं?
तेवीसांतले सतरा.
आधी का नाही सांगितलं, म्हटलं,
तर कल्लया बाकाकडे बघत म्हणाली,
तुम्ही उभं केलं असतं.

पिशव्या अजून येतात.
उरलेल्या बालवर्गात जातात, सुत्तिदाची चैन.
पाचवीला मी सांगितलंय, लहान मासे
काट्यांसकट चावून खा.
उंचीच्या भिंतीवर फायथूनची रेघ
दारावरच्या पालीला टेकायला आलीय.
'दूध न घेण्याचे कारण' या रकान्यात
मी त्याच्यापुढे लिहिलं, मोठा झाला.
वरून लाल खूण होऊन वही परत आली.
खोडलं नाही.

राहता राहिले मी.
वीस वर्षं रोज दहाला, पोरांना दिसावं म्हणून,
ती पिशवी. वीस वर्षं दुपारच्या कळा.
आणि वीस वर्षं मी दोष देत आले
कच्च्या पपईच्या कोशिंबिरीला,
तिच्यातल्या मिरच्यांना,
त्या मिरच्या खलात कुटणाऱ्या सासूला.

काल तिच्या शेजारी जाऊन बसले.
तिनं सवयीनं एकच मिरची उचलली.
म्हटलं, आणखी दोन टाका.